उघाडीवरचा चित्रबलाक

पोपट हे नाव आईबापांनी ठेवलं, तेव्हा हा पोरगा पुढं पाखरांच्याच मागं लागणार हे त्या बिचाऱ्यांना कुठं ठाऊक होतं? गावाला मात्र हसायला आयतं निमित्त मिळालं. खांद्याला कॅमेरा अडकवून तो गावात, थोरलीखारेत, शिरला की पारावरची माणसं एकमेकांना कोपरखळी मारत. "पोपट आला रं, पाखरां मोजाला!" पोपट वरवर हसायचा आणि आतून जळायचा. चाळिशीला आलेला माणूस, धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर कायम, कंपनीजवळच अष्टमी गावात दोन खोल्यांचं स्वतःचं घर, तरी गावाच्या लेखी त्याची किंमत शून्य. आपल्याला गावानं एकदा तरी मान द्यावा, ही त्याची भूक होती. पोटाची भूक परवडली.

त्यानं एक झूम लेन्स घेतली होती. अठरा ते चारशे मिलिमीटर. म्हणजे एकाच लेन्सनं समोरचा अख्खा डोंगरही घ्यावा आणि खाडीपलीकडच्या पाखराचा डोळाही घ्यावा, मधे काही बदलायला नको. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलला किक मारून नागोठणं, वडखळ करत गाव गाठायचा आणि बांधावर पोटावर पडून राहायचा. या लेन्सची एक खोड त्याला चांगली माहीत होती. ती पूर्ण ताणली की लांबच्या वस्तू जवळ येतात, आणि त्याबरोबर एकमेकींनाही चिकटतात. हायवेवरून बघताना मागचापुढचा डोंगर एकच वाटतो ना, तसं. कंपनीतल्या पोरांना तो हे मोठ्या ऐटीत समजावून सांगायचा.

गावात त्याचं हक्काचं माणूस एकच, बायजाकाकी. आईबाप गेल्यावर दहावीपर्यंत त्याला तिनंच वाढवलं, पोटच्या पोरीच्या ताटातलं काढून. काका गुणाजी जन्मभर मिठागरात राबला आणि आता दम्यानं खाटेला खिळला होता. मुलगी सरू पेणला कपड्याच्या दुकानात कामाला जायची. घर चालायचं ते काकीच्या चिंबोऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांवर. हातभर लांबीची लोखंडी आकडी घेऊन ती ओहोटीला चिखलात उतरायची, बिळात आकडी घालून चिंबोरी ओढून काढायची आणि पेणच्या बाजारात नेऊन विकायची. खाडीवर रोजचा वावर, त्यामुळं पाखरं आली की पहिली खबर तिच्याकडून. "पोपट, तुजी पाखरां आलीन रं, पिवल्या चोचीची," असा तिचा फोन आला की पोपटची शिफ्ट सरता सरत नसे.

त्या वर्षी कोजागिरीला असाच फोन आला.

आता गावच्या बांधाचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते तिथंच. बांधाच्या आत गोड्या पाण्यावरचं भात, बाहेर खारी खाडी. पावसाचं पाणी बाहेर सोडायला आणि भरतीचं आत न घ्यायला बांधात लाकडी फळ्यांची झडप असते, तिला उघाडी म्हणतात. फळ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलायच्या, हे काम गावकीचं. गावकी म्हणजे गावातल्या जाणत्यांची पंचायत. सरकारदरबारी तिची कुठं नोंद नाही, पण गावात सरकारपेक्षा जड. त्या वर्षी सागाच्या नव्या फळ्या आल्याही होत्या. पण देवळाच्या सभामंडपाला दरवाजा नव्हता, आणि गावकीचा मुख्य पंच बाबाजी म्हणाला की आधी देव. देवापुढं कोण बोलणार? फळ्यांचा दरवाजा झाला, आणि उघाडीवर जुन्याच कुजक्या फळ्या राहिल्या. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

कोजागिरीच्या सकाळी सातला पूर्ण ओहोटी होती. पोपट बांधाच्या वळणावर पडून होता आणि तीनशे पावलांवर, उघाडीच्या खांबावर, चित्रबलाक येऊन बसला. पिवळी वाकडी चोच, शेंदरी तोंड, शेपटाजवळ गुलाबी पिसं. पोपटनं लेन्स चारशेपर्यंत ताणली. पाखराच्या मागं आणखी शंभर पावलांवर, खाडीचा एक फाटा ओलांडून, पल्याडच्या बांधाच्या पायथ्याशी काकी चिखलात वाकली होती. फोटोत ती नेमकी खांबाला लागून येत होती. आली तर येऊ दे, असं म्हणून त्यानं बटण दाबलं.

पाखरू उडालं. पोपट उठून बांधावरून पन्नास पावलं बाजूला गेला, तेव्हा काकीनं त्याला पाहिलं. ती सरळ झाली, एक हात उंच करून हलवला आणि दुसऱ्या हातातली भलीमोठी चिंबोरी त्याला दाखवून हसली. पोपटनं लेन्स मागं घेतली आणि सहज तिचाही एक फोटो काढला. त्या फोटोत उघाडी एका टोकाला होती, काकी दुसऱ्या टोकाला आणि दोघींच्या मधे कंबरभर पाणी.

पाखराचा फोटो त्यानं तिथूनच गावाच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या उघाडीवर चित्रबलाक', खाली आपलं नाव. चार जणांनी अंगठा दाखवला, एकानं विचारलं की याचं कालवण कसं होतं. पोपटनं फोन खिशात टाकला आणि काकीकडं जेवायला गेला. सकाळच्या चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. काका खाटेवरून धापा टाकत म्हणाला, "वाढ गो त्याला, कंपनीत काय मिलतंय!" काकीनं सगळ्यात मोठी नांगी त्याच्या ताटात टाकली.

तो हात चाटत असताना बाहेर आरडाओरडा झाला. उधाणाच्या भरतीनं उघाडीच्या फळ्या उखडल्या होत्या आणि खारं पाणी बांधाच्या आत घुसलं होतं. आठ-दहा दिवसांत कापणीला येणारं भात डोळ्यांदेखत पाण्याखाली गेलं. बायका बांधावर बसून छाती पिटत होत्या. पुरुष गोणीत माती भरून टाकत होते आणि माती वाहून जात होती. पोपटनंही चार गोणी उचलल्या. काकी तर गळ्याइतक्या पाण्यात उतरली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गावकी बसली. पोपटनं मुद्दाम रजा वाढवली होती. फळ्यांचा विषय निघणार, बाबाजीची कशी तारांबळ उडते ती बघावी, असा त्याचा विचार. पण बाबाजी हा मुरलेला माणूस. त्यानं खिशातून फोन काढला, ग्रुपवरचा पाखराचा फोटो बोटांनी मोठा केला आणि शेजारच्याच्या हातात दिला.

"पाखराच्या मागं कोन हाय, बघा," तो म्हणाला.

फोन हातोहात फिरला. उघाडीच्या खांबाला लागून एक बाई वाकलेली. हिरवं चौकड्याचं लुगडं. हातात लोखंडी आकडी, आणि आकडीचं टोक थेट फळीच्या खाली. जणू फळी उचकटतेच आहे.

"बायजा," कुणीतरी म्हणालं.

"खारा पानी आत घेतला की मासली येते, चिंबोरी येते," बाबाजी शांतपणे म्हणाला. "गावाचा भात मरूदे, हिचा बाजार चालूदे."

देवळात एकदम गलका उठला. ज्यांचं वर्षाचं भात गेलं होतं त्यांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं, आणि बाबाजीनं ते काढून दिलं. बायजा बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. भ्यालेली नव्हती, उलट तिला थोडं हसूच येत होतं, इतकं तिला ते खुळं वाटलं.

"मी उघाडीवं नव्हतेच. मी पल्याड व्हते. या पोपटला इचारा ना! मी त्याला हात केला, चिंबोरी दावली. त्यानं बघितला मना."

सगळ्यांच्या माना पोपटकडं वळल्या. बाबाजीनं सरकून त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली होती. "ये पोपट, तुजा फोटो, तूच बोल," म्हणत त्यानं पोपटच्या पाठीवर हात ठेवला. गावाच्या मुख्य पंचाचा हात! जन्मात पहिल्यांदा अख्खं गाव पोपट काय बोलतो म्हणून कान टवकारून बसलं होतं. दुसरा फोटो त्याच्या मांडीवरच्या कॅमेऱ्यात होता. दोन बटणं दाबली की संपलं. पण काकीची बाजू घेतली की गाव विचारणार, मग उघाडी फुटली कशानं? आणि त्याचं उत्तर ज्याच्या हातात होतं त्याचा हात पोपटच्या पाठीवर होता.

"माझं लक्ष पाखरावर होतं," पोपट म्हणाला. "हात केलेला मला काय आठवत नाय."

काकीचं हसू जायला वेळ लागला.

"काल दुपारी खाल्लीस ती चिंबोरी रं," ती म्हणाली. "तीच दावली तुना."

कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. बाबाजीनं निवाडा दिला: देवापुढं नाक घासून गुन्हा कबूल कर, गाव माफ करील. काकी म्हणाली, जे केलं नाही ते कबूल कसं करू? मग गावकीनं तिचं घर वाळीत टाकलं. कबूल करीपर्यंत त्या घराशी कुणी बोलायचं नाही, दुकानदारानं जिन्नस द्यायचा नाही, गिरणीवाल्यानं दळायचं नाही, रिक्षावाल्यानं बसवायचं नाही. आणि जो हे मोडील तोही वाळीत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपली रीत जुनीच. पण संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवायला घरचाच माणूस मिळाला, एवढं गावचं नशीब.

वाळीत टाकणाऱ्यांना तुरुंगात घालणारा कायदा झाला होता, नाही असं नाही. पण कायदा पेणला राहायचा आणि काकी थोरलीखारेत. चिंबोऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती चालत वडखळ गाठू लागली. बाजारात गावच्या बायका तिच्या शेजारून उठून दुसरीकडं बसत. सरू पेणहून पीठ आणि काकाची औषधं आणायची. पोपटला हे सगळं कानावर येत होतं. तो आता गावात गेला की देवळात जायचा, समोरच्या काकीच्या दारात नाही. पारावरच्या माणसांचं हसणं बंद झालं होतं. "काय पोपटशेठ, कवा आलाव?" अशी विचारपूस व्हायची. शेठ! मार्गशीर्षात तर बाबाजीनं सांगितलं की चित्रबलाकाचा फोटो मोठा करून सभामंडपात लावायचा. गावकीच्या ठरावानं.

मग एका रविवारी सरू अष्टमीला त्याच्या दारात आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"दादा, मी पोलिसांत तक्रार देतेय," ती म्हणाली. "ते म्हणतात, पुरावा काय? त्यांच्याकडं तुझा फोटो हाय. माझ्याकडं आईचा शब्द. तू त्या सकाळी आणखी फोटो काढले असशील ना? आई म्हणते, तू कॅमेरा तिच्याकडं केला व्हतास."

फोटो आतल्या खोलीत होता, कपाटात, कार्डावर. पंधरा पावलं.

"नाय गो," तो म्हणाला. "लेन्स फिरवून नुसतं बघितलं असंल. काढला असता तर दिला नसता का?"

"शपथ घे."

"शपथ कशाला पायजे? माझा शब्द नाय का?"

"बाबांना रात्रंदिवस धाप लागते," ती म्हणाली. "रिक्षा येत नाय. एखाद दिवशी तसेच जातील." आणि चपला घालून कुंडलिका नदीच्या पुलाकडं निघून गेली.

ती गेल्यावर पोपटनं दार लावलं, कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि तो फोटो उघडला. काकी हात उंच करून हसत होती. दात पुढं, पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. बघत बसलो तर आपण पाघळू, हे त्याला कळत होतं. म्हणून बघत न बसता त्यानं तो पुसून टाकला. कॅमेऱ्यानं विचारलं, नक्की पुसायचा का? त्यानं हो म्हटलं. पाखराचे त्या सकाळचे एकवीस फोटो होते, ते सगळे त्यानं जपून ठेवले.

माणूस अगदीच दगड नसतो, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. पोपटची झोप उडाली. शेवटी माघात, देवळात फोटो लावायचा दिवस आला तेव्हा, त्यानं मनाचा हिय्या केला. फोटो भिंतीवर चढला होता. दोन हात रुंद, काचेची चौकट. पाखरू झकास आलं होतं आणि त्याच्या मागं काकीही. माणसं पांगल्यावर तो बाबाजीला बाजूला घेऊन म्हणाला,

"दादा, एक सांगायचं व्हतं. ही लेन्स ताणली की मागचं पुढं येतं. म्हंजे काकी उघाडीवर नव्हती. पल्याडच्या बांधाला व्हती. मधी पाणी हाय."

बाबाजीनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो खदखदून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"आरं खुल्या! तो पानी आमाला तू सांगतोस? पोरपनापासून पवलोय आमी त्यात. खांबाच्या मागं पल्याडचा बांध हाय ना, ते फोटो बघून आंधल्यालाबी कलला असता."

"मग?"

"मंग काय? फल्यांचा इषय निघाला असता. दरवाजा काढून पुन्ना उघाडीवं लावाचा काय? देवाचा दरवाजा?" त्यानं पोपटच्या खांद्यावर हात टाकला. "समद्यांना ठावं हाय रं. तुलाच वाटत व्हता, एकट्याला ठावं हाय."

खरं तर इथं पोपटला संताप यायला हवा होता. अख्खं गाव एका निरपराध बाईला उघड्या डोळ्यांनी चिरडत होतं, आणि त्याला कारण म्हणून याचा फोटो भिंतीवर टांगत होतं. पण पोपटला आला तो सुटकेचा निःश्वास. पाप शे-दीडशे जणांत वाटलं गेलं की एकाच्या वाट्याला कितीसं येतं? दुसऱ्या दिवशी तो बॉयलरवर शीळ घालत होता.

फाल्गुनात एका सकाळी काकाला जोराची धाप लागली. सरू रिक्षावाल्याच्या दारात जाऊन पाया पडली. त्यानं दार उघडलं नाही. ती हायवेपर्यंत पळत जाऊन टेम्पो घेऊन आली, तोवर काका गेला होता.

पोपटला सरूचा फोन आला. "दादा, बाबा गेले. खांद्याला माणसं नायत." एवढंच. चुलत्याच्या मयताला गेलो नाही तर शेजारीपाजारी काय म्हणतील, म्हणून पोपट निघाला. दुपारी पोचला तर तिरडी अंगणात बांधून तयार होती. गावातलं एक माणूस आलेलं नव्हतं. शेजारच्या गावातून हिरामण आणि त्याचा भाऊ आले होते. हिरामण काकाबरोबर तीस वर्षं मिठागरात होता. दोन खांदे ते. तिसरा, चौथा नव्हता. समोर देवळाच्या कट्ट्यावर पंधरा-वीस पुरुष ओळीनं बसले होते आणि कुणीच इकडं बघत नव्हतं.

पोपट चपला काढून पुढं झाला. काकी तिरडीच्या आडवी आली. पाच महिन्यांत ती वाळून अर्धी झाली होती. आवाज मात्र खणखणीत होता, कट्ट्यापर्यंत सहज जावा असा.

"पोपट, मी नाक घासला असता तर तुजा काका आज वाचला असता. ते मी नाय केला, ते माज्या जिवाला लागून राहील. आता तू एक कर. मी उघाडीवं नव्हते, एवढा बोल. त्यांना आयकू जाईल असा. तू बोललास तर त्यातले दोघंतरी उठतील. त्यांनापन काकाच्या हातचा मीठ ठावं हाय."

कट्ट्यावरचं कुजबुजणं थांबलं. पोपटनं मान वळवून तिकडं पाहिलं. खरंच, दोघंतिघं पुढं सरकून बसले होते, कुणीतरी पहिला शब्द काढण्याची वाट बघत असल्यासारखे. बाबाजी खांबाला टेकून बसला होता आणि पोपटकडं पाहत होता. रागानं नाही. नुसताच पाहत होता.

"काकी," पोपट खालच्या आवाजात म्हणाला, "आज हा विषय नको."

काकीनं मान हलवली. रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत.

"बरा," ती म्हणाली. "मंग बाजूला हो."

"काकी, खांदा तरी देऊ दे."

"तुजा नको."

तिनं पदर खोचला आणि पुढच्या बांबूखाली खांदा घातला. सरू मागच्या बाजूला गेली. त्या गावात बायका मसणात जात नाहीत. तिरडीला खांदा देणं तर दूरच. हिरामण उंच, काकी बुटकी. तिरडी तिच्या अंगाला कलली आणि सगळा भार तिच्यावर आला. दहा पावलांवर एकदा थांबून, दम घेऊन चौघं निघाली. देवळासमोरून जाताना कट्ट्यावरच्या कुणी मान वर केली नाही. पुढं सरकून बसलेले दोघंतिघं पुन्हा मागं सरकून टेकले.

पोपट अंगणात एकटाच उभा राहिला. ऊन चांगलंच तापलं होतं.

"पोपट," बाबाजीनं हाक मारली, "उन्हात काय उबा? वर ये. चाय सांगितलाय."

पोपटनं एकदा मसणाकडं जाणाऱ्या बांधाच्या वाटेकडं पाहिलं. मग चपला पायात घातल्या आणि देवळाची पायरी चढला. लोकांनी सरकून जागा दिली. चहा आला, आलं घातलेला, चांगला गोड. कट्ट्यावरून बांध लांबपर्यंत दिसत होता. त्यावर चौघांनी मधेच तिरडी खाली टेकवली, थोड्या वेळानं पुन्हा उचलली.

"औंदा पाखरां कवापर्यंत ऱ्हात्यान रं?" बाबाजीनं विचारलं.

"वैशाखापर्यंत," पोपट म्हणाला, आणि मग त्यानं चित्रबलाक कुठून येतो, काय खातो, घरटं कुठं बांधतो ते सगळं नीट समजावून सांगितलं. लोक मन लावून ऐकत होते.